थांबलं तर पितो

धनेशला मुलगी झाली ते साल दोन हजार चोवीस. मला त्या वर्षी बहात्तरावं लागलं होतं आणि मस्कत सोडून गावी येऊन बसल्याला बारा वर्षं झाली होती. पुन्हा विमानात बसायचं नाही असं मी ठरवलेलं. पण सुनेची बाळंतपणाची रजा अठ्ठ्याण्णव दिवसांची; ती संपली की मुलीजवळ कोण, म्हणून धनेशने आम्हा दोघांचा, माझा आणि माझ्या बायकोचा, गंगूचा, व्हिसा काढला आणि डिसेंबरात मी परत मस्कतला, गाला भागात आलो. याच भागात एका कंपनीच्या मेसमध्ये मी बत्तीस वर्षं स्वयंपाक केला. तेव्हाही इथे गॅरेजं होती, आजही आहेत, फक्त मधली मोकळी माती दिसेनाशी झाली आहे. धनेशची जागा तिसऱ्या मजल्यावर, खाली टायरचं दुकान. यशश्री, म्हणजे माझी सून, कामावर जायला लागली त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी नातीला, रेवाला, मांडीवर घेतलं, बाटली तिच्या ओठांना लावली आणि तिने ओठ मिटले. रडली नाही. मान डावीकडे फिरवली आणि वरच्या ट्यूबकडे बघत राहिली. मी बाटली डावीकडे नेली, तरी ती तशीच. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हट्टसुद्धा नव्हता. तिने नको म्हटलं होतं आणि तिच्यापुरता तो विषय संपला होता. हे मी आधी पाहिलेलं आहे असं वाटलं, आणि पाठोपाठ कळलं की पाहिलेलं नाही, वाचलेलं आहे. ‘डावीकडे तोंड फिरवतो, ओठ मिटतो आणि दिव्याकडे बघत राहतो. रडत नाही.’

ते श्रीधरबद्दल लिहिलेलं होतं. श्रीधर आमचा पहिला मुलगा. मी ऐंशी सालच्या फेब्रुवारीत मस्कतला आलो तेव्हा गंगूला चौथा महिना होता. जुलैत तो जन्मला, नोव्हेंबरात गेला, आणि मी पहिल्या सुट्टीवर घरी पोचलो तेव्हा ब्याऐंशी साल उजाडलं होतं. त्याला मी पाहिलं नाही. फोटो काढण्याइतका तो मोठा झाला नाही. त्याचा चेहरा कसा होता हे मी कोणाला विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. माझ्याजवळ त्याचं जे काही होतं ते एका पत्रातल्या दोन-तीन ओळी. आणि आता चव्वेचाळीस वर्षांनी, गालाच्या तिसऱ्या मजल्यावर, त्या ओळी माझ्या मांडीवर पडून ट्यूबकडे बघत होत्या. माझी आई सांगायची की मीही लहानपणी असाच होतो. घास गालात धरून बसायचो, ऊन अंगणाच्या या टोकापासून त्या टोकाला जाईपर्यंत. कोणी ओरडलं की तोंड उघडायचंच नाही. पुढे मेसमध्येही मी सगळ्यांचं झाल्यावर, हॉल रिकामा झाला की जेवायचो, गार झालेलं. लोकांना वाटायचं, स्वयंपाक्याला वासानेच पोट भरतं. तसं नव्हतं. चार माणसांच्या आवाजात माझा घासच खाली उतरत नसे. नाक आजोबांचं, कान आत्याचे असं लोक म्हणतात ते मला पटायचं. पण नको म्हणण्याची रीतसुद्धा अशी उतरते? श्रीधरला ती कोणी शिकवली? मी तर घरात नव्हतोच.

धनेश मात्र गंगूवर गेलेला. वासराने ढुशा द्याव्यात तसा दूध प्यायचा आणि लगेच झोपायचा. गंगूच्या माहेरी सगळेच तसे, ताटात पडलं की संपलं. त्यामुळे रेवाचं काय करावं हे धनेशला कळत नव्हतं. तो तिच्यापुढे मोबाईलवर गाणी लावायचा, ती त्या रंगांकडे बघून तोंड उघडं टाकायची आणि त्या वेळात हा बाटली आत सरकवायचा. दोन घोट जायचे, तिसऱ्याला ती दचकायची आणि मग संध्याकाळपर्यंत बाटली नुसती दिसली तरी मान डावीकडे. यशश्री पुण्याची, एका दातांच्या दवाखान्यात कामाला. सकाळी जाण्याआधी आणि आल्यावर ती अंगावर पाजायची, मधल्या आठ-नऊ तासांसाठी दूध काढून फ्रीजमध्ये ठेवायची आणि दुपारी दोनदा फोन करून विचारायची, किती मिली गेलं. वीस. तीस. एकदा दहा. ते आकडे ती मोबाईलमध्ये भरायची आणि त्यातून एक खाली उतरणारी रेघ तयार व्हायची, ती मला दाखवायची. धनेश थट्टेने म्हणाला, "बाबा, दोनशे माणसं जेवू घालत होतात तुम्ही. ही एक उपाशी उठते म्हणजे काय?" तो हसला, यशश्री हसली नाही, आणि मलाही हसू आलं नाही.

डॉक्टरबाईंनी रेवाला वजनकाट्यावर ठेवलं, घसा बघितला, छाती ऐकली, रक्त तपासलं. आजार काही नाही म्हणाल्या. मूल स्वभाव थोडा जन्माबरोबर घेऊन येतं, भुकेचा स्वभावसुद्धा. बाकीचा भोवतालचा आवाज, उजेड, माणसांची घाई यांनी घडतो. काही मुलं भूक लागली की सगळं जग विसरतात, काहींना आधी जग शांत व्हावं लागतं. जबरदस्ती करू नका, असं त्या दोनदा म्हणाल्या. पण वजन तक्त्यातल्या खालच्या रेघेच्याही खाली आलेलं. दोन आठवड्यांनी परत आणा, वाढलं नसेल तर दाखल करून घेऊ, नाकातून नळी घालू. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणी असं होतं का? यशश्रीने धनेशकडे पाहिलं, धनेशने आईकडे. गंगू म्हणाली, आमच्याकडे सगळी खाणारी. मी दवाखान्याच्या जमिनीवरच्या फरशा बघत होतो. एका फरशीचा कोपरा फुटला होता आणि त्यात पांढरं सिमेंट भरलेलं होतं.

घरी आल्यावर गंगूने पिशवीच्या तळातून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली आणि ओट्यावर ठेवली. संगमरवरावर पितळेचा आवाज झाला, लहानसा, आणि माझ्या दाढा शिवशिवल्या. बोंडलं होतं. चोचीचं, मुलांना दूध ओतून पाजायचं, तेच जुनं. गावी ते कुठे ठेवलं होतं मला ठाऊक नव्हतं; धनेशला त्याची कधी गरज पडली नाही. तिने ते कल्हई करून आणलेलं. मी म्हटलं, डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते ऐकलंस ना. ती म्हणाली, त्यांना काय, नळी घालायची तयारी हाय त्यांची. आणि मग माझ्याकडे न बघता, बोंडल्याची चोच पदराने पुसत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तवा माजा हात हालला. पोरगी व्हते मी, अठराची बी नसन. आता नाय हालायचा."

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली टायरवाल्याचा काँप्रेसर धडधडत होता, हवा भरताना त्याचा फूत्कार तिसऱ्या मजल्यापर्यंत येत होता. चव्वेचाळीस वर्षं ही बाई श्रीधरला पाजताना आपला हात हालला असं समजून जगली. माझ्या आईने तिला ते सांगितलं, आणि आई जिवंत होती तोवर अधूनमधून सांगत राहिली, भांडण झालं की, नाहीतर भांडण नसतानाही. तुझ्या हाताला धीर नव्हता. मी सुट्टीवर आलो की माझ्यासमोरही सांगायची. मी पानावरून उठायचो, हात धुवायचो. श्रीधर कसा गेला ते मला ठाऊक होतं आणि का गेला तेही. गंगूला फक्त कसा ते ठाऊक होतं. का ते मी तिला सांगितलेलं नव्हतं. आणि म्हणून ती आता, माझ्या डोळ्यांसमोर, बोंडल्याला कल्हई करून तीच गोष्ट नीट करून दाखवायला निघाली होती.

मेसमध्ये पत्रं अकरा वाजता वाचली जायची. श्रीवर्धनचा जहूर आमचा स्टोअरकीपर. कोठारातलं सामान काढून दिलं की त्याला अर्धा तास मोकळा असायचा आणि ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांची पत्रं तो त्या अर्ध्या तासात वाचायचा, उत्तरंही तेव्हाच लिहायचा, पिठाच्या पोत्यावर बसून. मला अक्षर येत नव्हतं. अकराची वेळ म्हणजे भात निथळायला घातलेला, डाळीच्या पातेल्यात मी कलथा घेऊन उभा, बाराला एकशेऐंशी माणसं येणार. ऑक्टोबरात गंगूचं पत्र आलं. गुरुजींच्या बायकोकडून लिहून घेतलेलं, आईच्या नकळत. जहूरने ते सगळं वाचलं. बाळ सावकाश पितो. डावीकडे तोंड फिरवतो, ओठ मिटतो आणि दिव्याकडे बघत राहतो. रडत नाही. थांबलं तर पितो. पण कापणी चालू आहे, सासूबाई बसू देत नाहीत. एक घटका बसायला मिळालं तर पुरे. तेवढं तुम्ही त्यांना कळवा. जहूर थांबला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, काय लिहू? डाळ बुडाला लागत होती. आमच्या मेसचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, दारातून यल्ला यल्ला, चला लवकर, म्हणत गेला होता. एवढं-एवढं पोर घरातल्या बाईला कापणी सोडून बसवतं, हे मला पटलं नाही. मीही तसाच होतो हे मला आठवायला हवं होतं, आठवलं नाही. मी म्हटलं, आईच्या नावाने लिही. म्हणावं, लाड करू नका, धरून पाजा म्हणजे सवय लागेल. जहूर म्हणाला, बालू, भाभीने असं नाही विचारलंय. मी म्हटलं, तू लिही. त्याने लिहिलं. पत्र जायला तेव्हा तीन आठवडे लागायचे. पुढच्या पत्रात मूल गेल्याचं होतं.

त्यानंतर मी जहूरकडून अक्षर शिकलो. डब्यांवरच्या नावांपासून सुरुवात केली, पस्तिशीला आलो तेव्हा जोडाक्षरं जमायला लागली. स्वतःच्या डोळ्यांनी मी पहिलं काय वाचलं असेल तर गंगूचं ते पत्र. ऐकलेलं होतं, पण ऐकताना कलथ्याचा आवाज मधे होता. वाचताना काहीच मधे नव्हतं. घरी गेलो तेव्हा तिने एकदाच विचारलं होतं, माझं पत्र पोचलं व्हतं का. मी नाही म्हणालो होतो. टपालात गहाळ झालं असेल म्हणालो होतो.

मेसने मला एक शिकवलं होतं, आणि गॅलरीत उभं राहून मी ते शोधत होतो. माणूस कसा जेवतो त्यात बदल होत नाही, बदल होतो तो आपल्या वाढण्यात. आमच्याकडे धिप्पाड असा एक वेल्डर होता, हॉलमध्ये बसला की ताट पुढे सारायचा. सगळे म्हणायचे माजलाय. मी त्याचं ताट झाकून मागच्या दाराशी ठेवायला लागलो, तर सगळं संपवून ताट धुऊन ठेवायचा. त्याच्यासाठी मी वेगळं काही रांधलं नाही, फक्त जागा बदलली. मग माझ्या लक्षात आलं की खालचा आवाज थांबला आहे. एक वाजला होता. गालाची दुकानं एक ते चार बंद असतात. काँप्रेसर बंद, शटर खाली, रस्त्यावर कोणी नाही. आम्ही रेवाला पाजायचो दहाला आणि बाराला आणि साडेचारला, घड्याळ बघून, यशश्रीच्या फोनच्या आधी. मी आत आलो, पडदा ओढला, टीव्ही आणि ट्यूब बंद केली आणि मुलीला घेऊन पलंगाच्या कडेला बसलो. बाटली दाखवली नाही, नुसती जवळ ठेवली. चाळीस मिनिटं गेली. तिने माझ्या शर्टाचं बटण धरलं, सोडलं. दीडच्या पुढे केव्हातरी तिने तोंड माझ्याकडे वळवलं. साठ मिली गेलं. माझी कंबर धरली होती पण मी हललो नाही.

गंगू म्हणाली, एक दिवस पिली म्हणून काय झालं. दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस, तिसऱ्या दिवशी परत वीस. तिचा विश्वास बसेना आणि मला तिला दोष देता येईना, तिला दुसरं काही माहीतच नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी मी भाजी आणायला खाली उतरलो. परत आलो तर काँप्रेसर चालू होता आणि गंगू स्वयंपाकघरात जमिनीवर पाय पसरून बसली होती. मुलगी पंच्यात गच्च बांधून पायांवर उताणी घेतलेली, डाव्या हाताच्या दोन बोटांनी गाल दाबलेले, उजव्या हातात बोंडलं. तो हात खरंच स्थिर होता. दगडात कोरल्यासारखा. रेवाच्या घशात घरघर झाली. मी भाजी टाकली आणि गंगूचं मनगट धरलं. दूध मुलीच्या मानेवर सांडलं. तिला उचलून खांद्यावर घेतलं, पाठीवर थापा मारल्या, ती खोकली, निळसर झालेले ओठ रडता रडता लाल झाले.

"माजा हात हालला नाय," गंगू म्हणाली. "तुमी हालवलात."

"तवाबी तुजा हात हालला नव्हता," मी म्हणालो. "गंगू, तुजं पत्र मला पोचलं व्हतं. कापणीतलं."

ती वर बघत राहिली. मी उभाच होतो, मुलगी खांद्यावर होती. बसलो असतो तर सांगता आलं नसतं. आईने तिला बोंडल्याने पाजायला लावलं ते माझ्या चिठ्ठीवरून, धरून पाजा असं मी लिहवलं, आणि पोचलं नाही असं खोटं सांगितलं, हे सगळं मी ओळीने सांगितलं.

"थांबलं तर पितो, ते बी वाचलंव?"

"तवा ऐकलं व्हतं. मागनं वाचलं."

तिने बोंडलं जमिनीवर ठेवलं. पंचा पिळला, सांडलेलं दूध पुसलं, पुसलेल्या जागेवरून परत एकदा पुसलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. त्याची मी तयारी केली होती, चव्वेचाळीस वर्षं. ती पंचा वाळत घालायला गॅलरीत गेली. संध्याकाळी धनेश आणि यशश्री आल्यावर मी त्यांनाही सांगितलं, सगळं, गंगूच्या समोर. धनेशला एक भाऊ होऊन गेला एवढंच ठाऊक होतं, छातीत कफ झाला होता म्हणून. तो उठून गॅलरीत गेला. यशश्रीने मोबाईल पालथा ठेवला आणि म्हणाली, "बाबा, मग दुपारची वेळ तुमची. मी फोन करणार नाही."

गंगू जेवली नाही. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सगळ्या माहेरात खाणारी म्हणून जिची ओळख, तिच्यासमोर मी ताट ठेवलं तर तिने ओठ मिटले आणि भिंतीकडे बघत राहिली. यशश्री दोनदा आग्रह करायला गेली. मी तिला डोळ्यांनी नको म्हटलं. ताट झाकून ठेवलं आणि तिथून निघून गेलो. काय करायचं ते आता मला येत होतं, दोघींच्या बाबतीत एकच. मी फक्त एवढं ठरवलं की ती काहीही म्हणाली, गावी जाते म्हणाली, माझं तोंड बघणार नाही म्हणाली, तरी एक वाजला की पडदा ओढायचा आणि पलंगाच्या कडेला बसायचं. दोन आठवडे. त्यापुढे लागले तर आणखी.

तिसऱ्या दुपारी काँप्रेसर थांबला, मी पडदा ओढला. रेवाने बटण धरलं, सोडलं. बराच वेळ गेला. दार हळूच लोटलं गेलं आणि गंगू आत येऊन खाली चटईवर बसली, माझ्याकडे पाठ करून. मुलीने मान वळवली आणि प्यायला लागली. खोलीत दुसरा काही आवाज नव्हता. एक घोट, थोडं थांबणं, मग दुसरा घोट, आणि प्रत्येक घोटाबरोबर टाळूला जीभ लागल्याचा टक असा बारीक आवाज. मला तो एरवी ऐकूही आला नसता.

"असाच वाजायचा त्येचा घसा," गंगू म्हणाली.

बाटलीचा तळ दिसेपर्यंत आम्ही तिघं तसेच बसलो. मग ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने झाकण उचलल्याचा आवाज आला, नंतर ताटाचा. तिचं जेवण होईपर्यंत मी खोलीतून बाहेर गेलो नाही. बाहेर गेलो तेव्हा बोंडलं घासून ओट्यावर पालथं घातलेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून एकच्या सुमाराला पडदा तीच ओढायची आणि चटईवर बसायची. माझ्याशी बोलणं कामापुरतंच झालं, आजही तेवढंच आहे. ते वाढावं म्हणून मी काही करत नाही.

दोन आठवड्यांनी रेवाचं वजन दोनशे दहा ग्रॅमने वाढलेलं भरलं. नळी घालावी लागली नाही. डॉक्टरबाईंनी जुना प्रश्न परत विचारला नव्हता, पण मी आपणहून सांगितलं की घरात दोघं असे होते, एक मी आणि एक माझा मुलगा. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मुलाचं वय किती, त्यांनी विचारलं. त्यांना सांगितलं तेच इथे लिहितो. श्रीधर बाळकृष्ण घाणेकर, आमचा पहिला मुलगा, धरून पाजताना दूध छातीत जाऊन सव्वीस नोव्हेंबर एकोणीसशे ऐंशी, बुधवारी सकाळी वारला. तेव्हा तो चार महिने आणि नऊ दिवसांचा होता.